आम्ही की आपण? एका अनुवाद-प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून वही सुरू. काम असं: सीमा ओलांडून गेलेल्या कवितांची एक छोटी पुस्तिका मराठीत करायची. तुरुंगातल्या, हद्दपारीतल्या, बंदी आलेल्या कविता जगात ढीगभर आहेत, सगळ्या घ्यायच्या म्हटलं तर पोतं होईल. म्हणून चाळणी एकच लावली. कविता एका देशातल्या माणसाने दुसऱ्या देशातल्या माणसासाठी लिहिलेली असावी, नाहीतर अनुवादाच्या बळावर ती आपल्या घरापासून लांब जाऊन पोचलेली असावी.

चाळणी लावल्याबरोबर पाउल सेलान आठवला. छळछावण्यांवरची त्याची गाजलेली जर्मन कविता पहिल्यांदा छापली गेली ती जर्मनमध्ये नव्हेच. मे १९४७ मध्ये बुखारेस्टच्या एका नियतकालिकात ती रुमानियन अनुवादात आली. अनुवाद त्याचा मित्र पेत्रे सोलोमोन याचा. म्हणजे छापील जगात अनुवाद आधी जन्मला आणि मूळ कविता नंतर. अनुवाद म्हणजे मागाहून येणारी सावली, असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांना हे एकदा ऐकवायचं आहे. कविता मात्र घेणार नाही. जर्मन जाणणारं कोणी हाताशी नाही.

कारण नियमच दोन केले आहेत. एक, इंग्रजी ही सेतुभाषा म्हणून चालेल, पण फक्त तिच्यावरून काही करायचं नाही. मूळ भाषेतलं माणूस शेजारी बसलेलं हवं. अरबीसाठी सर तयार आहेत, तुर्कीसाठी एक मैत्रीण आहे, रशियनचं जमेल असं वाटतंय. उर्दू मी स्वतः बघेन. दोन, पदरचं काही घालायचं नाही.

दुसरा नियम लिहायला सोपा वाटला. बघू.

११ जानेवारी

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशची ओळखपत्रावरची कविता, १९६४ सालच्या संग्रहातली. इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांवर तेव्हा लष्करी अंमल होता, तो १९६६ पर्यंत चालला. दरवीशचं गाव अल-बिरवा १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झालं; कुटुंब लेबनॉनला पळालं आणि चोरून परत आलं. अशा परतलेल्यांसाठी तिथल्या सरकारी भाषेत एक शब्द होता, त्याचा मराठी अर्थ होतो 'हजर-गैरहजर'. माणूस डोळ्यांसमोर उभा, पण कागदावर नाही. कवितेत असाच एक माणूस अधिकाऱ्यापुढे उभा राहून त्याला सांगतो: लिही. मी अरब आहे. कार्डाचा नंबर पन्नास हजार, मुलं आठ, नववं उन्हाळ्यानंतर येतंय. मग विचारतो: राग आला?

पहिलाच शब्द 'सज्जिल'. सरांनी त्याची फोड करून दाखवली. आज्ञार्थ, एकवचन, पुल्लिंग. दप्तरात नोंदवणं आणि आवाज मुद्रित करणं, दोन्हींसाठी हाच धातू. मी विचारलं, "यात आदर आहे की नाही?" सर म्हणाले, "तो प्रश्न तुमच्या भाषेचा. अरबी एका माणसाशी एकवचनात बोलते, त्यात उद्धटपणा नाही आणि नम्रपणाही नाही." इंग्रजी अनुवाद उघडून बघितले, तिथेही सुटका. इंग्रजीत 'यू' एकच.

मराठीत सुटका नाही. लिही की लिहा? अधिकाऱ्यासमोर उभा असलेला मराठी माणूस 'लिहा साहेब' म्हणतो, 'साहेब' नाही म्हटलं तरी 'लिहा' म्हणतोच. क्रियापदाच्या शेवटच्या एका स्वरात तो वाकतो. ताठ उभा राहायचा तर 'लिही' म्हणायला हवं. म्हणजे अरबीत ज्या कवितेचा ताठपणा 'मी अरब आहे' या वाक्यात आहे, तो मराठीत त्याच्या आधीच, आज्ञार्थाच्या प्रत्ययात ठरून जातो.

१४ जानेवारी

तीन दिवस एका शब्दावर. 'नोंद कर' दप्तरी वाटतं, आणि त्यात साहेबच शिपायाला सांगतोय असा भास होतो. 'लिही' म्हटलं की शुद्धलेखनाचा तास. 'नोंदव' जिभेला अडतं. शेवटी 'लिहून घे' वर थांबले. 'घे' मध्ये एक बारीकसं आव्हान आहे, भांडणात आपण 'घे!' म्हणतो तसलं. सरांना फोनवर मोठ्याने म्हणून दाखवलं. त्यांना मराठी येते बेताची. म्हणाले, "अर्थाचं तुम्ही बघा. पण 'सज्जिल' मध्ये मधल्या जोडाक्षरावर जसा दात आवळतो, तसं इथे होत नाही." खरं आहे. 'घे' मऊ आहे. पण दुसरं काही सुचत नाही, आणि सुचेपर्यंत पुस्तिका थांबवायची तर पुस्तिकाच होणार नाही.

परवानगीचं पत्र धाडलं.

२० जानेवारी

फैज अहमद फैज, पाकिस्तानचा उर्दू कवी. इथे शेजारी कोणी लागणार नाही म्हणून मी निर्धास्त होते. चूक. जवळची भाषा लांबच्या भाषेपेक्षा जास्त फसवते.

कविता 'हम जो तारीक राहों में मारे गए'. गोष्ट माहीत असायला हवी. एथेल आणि ज्युलियस रोझेनबर्ग या न्यूयॉर्कच्या जोडप्याला हेरगिरीच्या कटाच्या आरोपाखाली १९ जून १९५३ रोजी विजेच्या खुर्चीत मारण्यात आलं. त्यांची तुरुंगातून लिहिलेली पत्रं पुस्तकरूपात निघाली, आणि ती फैजच्या वाचनात आली तेव्हा तो स्वतः रावळपिंडी कटाच्या, म्हणजे सरकार उलथवण्याच्या आरोपाच्या खटल्यात शिक्षा भोगत पाकिस्तानातल्या माँटगोमेरीच्या तुरुंगात होता. १९५४ साली तिथे बसून त्याने ही कविता लिहिली. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगाला, तेही पलीकडचा कैदी मरून गेल्यावर.

पहिलीच गंमत: ओळीत 'दार की ख़ुश्क टहनी' येते. मराठी डोळ्याला दाराची सुकलेली फांदी दिसते. उर्दूत दार म्हणजे फासाचा खांब, सूळ. 'तारीक' म्हणजे अंधारी, आणि आपल्याला दिसते तारीख. शिवाय रोझेनबर्ग दांपत्याला फाशी झालीच नव्हती. फैजने मुद्दाम जुन्या सूफी परंपरेतला, सुळी दिलेल्या मन्सूर हल्लाज या सूफीचा सूळ उचलला आणि विजेची खुर्ची बाजूला ठेवली. मी 'सुळाच्या सुक्या फांदीवर' केलंय. हे जमलं.

अडलं ते 'हम'पाशी.

२१ जानेवारी

उर्दूत हम. इंग्रजीत वुई. दोन्हींत ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटलं की आत. आमच्या भाषेने सर्वनामातच कुंपण घातलंय, आणि फाटकही तिथेच ठेवलंय.

एकजुटीची कविता म्हणजे 'आपण' असणार, असं मला सकाळी वाटत होतं. 'आपण, जे अंधाऱ्या वाटांवर मारले गेलो.' वाचून बघितलं. अंगावर काटा आला, आणि तिथेच संशयही आला. मी घरात खुर्चीत बसले आहे. मला कोणी मारलेलं नाही. 'आपण' म्हणून मी त्या दोघांच्या मरणात फुकट वाटेकरी झाले.

दुपारी कविता शेवटपर्यंत पुन्हा वाचली, तेव्हा उत्तर तिच्यातच पडलेलं दिसलं. शेवटाकडे मेलेले म्हणतात की वधस्थळावरून आमची निशाणं वेचून प्रेमिकांचे आणखी तांडे निघतील. म्हणजे कोणीतरी जिवंत राहायला हवं. सगळेच 'आपण' मेलो तर निशाण उचलणार कोण? तेव्हा 'आम्ही'च. वाचणाऱ्याला बाहेर ठेवायचं ते हाकलण्यासाठी नव्हे, त्याच्याकडे काम आहे म्हणून.

ता. क. संपादकांचा आग्रह आहे की फैजची 'हम देखेंगे'ही घ्याच. करून बघितलं. 'आपण बघू' म्हणजे मराठीत फाइल कपाटात गेली. 'आम्ही बघून घेऊ' म्हणजे गल्लीतली धमकी. 'पाहू' म्हणजे पाहुणे निघताना 'येऊ कधीतरी' म्हणतात ते. १९७९ सालची ही नज्म, १९८६ मध्ये इक्बाल बानोंनी लाहोरला गायली तेव्हापासून ती उर्दूतच इतक्या जिभांवर बसली आहे की आपल्याकडेही ती उर्दूतच म्हणतात. जी कविता अनुवादाशिवाय पोचली, तिला कशाला अनुवादायचं? वगळली. संपादक नाराज.

२ फेब्रुवारी

आज दिवस सोन्याचा. तुर्की कवी नाझिम हिकमतची हिरोशिमाच्या मुलीची कविता, १९५६ ची. हिकमतविषयी थोडक्यात: १९३८ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा, बुर्साच्या तुरुंगात मोठा काळ, पॅरिसमध्ये कवी त्रिस्तान झारा वगैरेंनी चालवलेली सुटकेची मोहीम, उपोषण, १९५० मध्ये सुटका. पुढच्याच वर्षी देश सोडला, तुर्कस्तानने नागरिकत्व काढून घेतलं. ते परत दिलं २००९ मध्ये. तो वारला होता १९६३ मध्ये, मॉस्कोत.

कवितेत सात वर्षांची मेलेली मुलगी दारोदार फिरते. मरून दहाएक वर्षं झाली तरी सातच वर्षांची, कारण मेलेली मुलं मोठी होत नाहीत. इंग्रजीत हिची गाणी झाली, जगभर गायली गेली. मी ती इंग्रजी आवृत्तीच लहानपणापासून ओळखत होते, आणि खरं सांगायचं तर मला ती थोडी गुळगुळीत वाटायची. शेवटी मुलगी म्हणते, शांततेसाठी लढा, म्हणजे जगातली मुलं हसतील, खेळतील. सभेच्या शेवटी म्हणतात तसं.

मैत्रिणीने तुर्की मूळ वाचून दाखवलं आणि शेवटाला मी तिला थांबवलं. "पुन्हा म्हण." तिने म्हटलं: 'तेय्झे, अमजा, बिर इम्झा व्हेर.' तेय्झे म्हणजे मावशी. अमजा म्हणजे काका. मुलगी सभेला उद्देशून बोलतच नाही. ती दार वाजवते आहे आणि म्हणते आहे: मावशी, काका, एक सही दे. मुलांना मारू नका, त्यांना खाऊ खाता येऊ दे.

सही! तो काळच सह्यांचा. अण्वस्त्रबंदीसाठी १९५० मध्ये निघालेल्या स्टॉकहोम आवाहनावर देशोदेशी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. त्या कार्यकर्त्यांच्या जागी हिकमतने मेलेली मुलगी पाठवली, हातात कागद देऊन. कागदाला आणखी एक धार आहे, कारण मधल्या ओळीत ती म्हणते की कागदासारखं जळालेलं मूल खाऊही खाऊ शकत नाही. गाण्याच्या इंग्रजीत सही गेली, मावशी गेली, काका गेले. राहिली फक्त शांतता.

मराठीत हे सगळं आपसूक परत आलं. तेय्झे ही आईची बहीण, अमजा हा वडिलांचा भाऊ, आणि तुर्की लोक अनोळखी मोठ्या माणसांनाही याच नावांनी हाक मारतात. आपणही. 'शेकेर'साठी 'साखर' केलं असतं तर मेलंच असतं. 'खाऊ' हा शब्द तर जसा या ओळीसाठी थांबून राहिला होता. तुर्कीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही, मराठीत 'वाजवतेय' म्हणताच मुलगी दिसते. इथे ते फायद्याचंच, कारण शीर्षकात मुलगी आहेच.

एकच खोच राहिली, तीही आमच्याच घरची. सात वर्षांची मराठी मुलगी मावशीला 'दे' म्हणते आणि काकांना 'द्या'. दोघांना एकदम मागायचं तर? मैत्रीण हसायला लागली. म्हणाली, "तुर्कीत या दोन ओळींत दार अनेकांचं आहे आणि 'दे' एकालाच. घोळ तिथेही आहे." मी 'मावशी, काका, एक सही द्या ना' केलं. 'ना' माझा आहे, मुळात नाही. पदरचं घालायचं नाही म्हणून लिहिलं होतं ना पहिल्या पानावर? 'ना' ठेवला. लाज वाटत नाही.

१३ फेब्रुवारी

बैठक. वाईट गेली.

क्लॉड मॅके या जमैकात जन्मलेल्या कवीचं १९१९ चं सुनीत घेतलंय. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या वस्तीवर गोऱ्यांच्या झुंडी चालून गेल्या होत्या. 'मरायचंच असेल तर डुकरांसारखं कोंडून मरायचं नाही' असा त्याचा रोख. इथे सर्वनामाचा प्रश्नच आला नाही. कवी आपल्या भाईबंदांना हाक मारतो, तेव्हा 'आपण'च. फैजमधले 'आम्ही' आणि मॅकेतले 'आपण' समोरासमोरच्या पानांवर येतील, याची मला खुशी होती.

संपादकांना मात्र ते थंड वाटलं. "भाषा अजून पेटायला हवी," म्हणाले. एक-दोन ठिकाणी त्यांनी स्वतः पेन्सिलीने 'रक्त' आणि 'ठिणगी' घातले होते. मूळ कवितेत ठिणगी नाही. उलट ती काटेकोर इंग्रजी सुनीताच्या चौकटीत, यमकं सांभाळून लिहिलेली आहे, आणि तिचा सगळा दरारा त्या संयमात आहे. ज्यांना झुंड म्हणून हिणवलं जात होतं, त्यांच्यातला एक जण ज्यांची झुंड चालून आली त्यांच्या भाषेतल्या सर्वांत शिस्तीच्या आकारात उत्तर देतो आहे. त्यात मी ठिणग्या घालू?

मी म्हटलं, "कवीने जेवढा आवाज काढलाय तेवढाच आपण काढायचा." ते म्हणाले, "ताई, मग लोक वाचणार नाहीत." असेल. पण दुसऱ्याच्या दुःखावर आपला आवाज चढवणं, याला मी पाठिंबा म्हणत नाही. पेन्सिल खोडली. चहा न घेताच उठलो सगळे.

२२ फेब्रुवारी

आवाज चढवल्याने काय होतं, याचं उदाहरण आज नीट वाचून काढलं. दारीन तातूर, इस्रायलची नागरिक असलेली पॅलेस्टिनी कवयित्री. ऑक्टोबर २०१५ मध्ये अटक, कारण इंटरनेटवर टाकलेली एक कविता आणि काही मजकूर. कविता अरबीत, न्यायालय हिब्रूत. मध्ये अनुवाद लागणारच. सरकार पक्षाने तो करून घेतला एका पोलीस कर्मचाऱ्याकडून. बचाव पक्षाने आपला अनुवादक आणला, साहित्याचे प्राध्यापक साक्षीला आणले. खटल्यात दिवसच्या दिवस शब्दार्थावर खल झाला. मे २०१८ मध्ये दोषी, मग पाच महिन्यांची कैद; त्याआधीची नजरकैद तर वर्षांच्या हिशेबात. मे २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने कवितेपुरतं तिला निर्दोष ठरवलं.

वाद घुटमळला त्यात एक शब्द होता 'शहीद'. पॅलेस्टिनी अरबीत तो मारल्या गेलेल्या कोणालाही लागतो, घरात झोपलेल्या मुलालाही. हिब्रू कानाला त्यात हल्लेखोर ऐकू येतो. शब्द तोच, पण सीमा ओलांडताना त्याच्या हातात कोणीतरी सुरा दिला.

सरांच्या घरी आम्ही यावर दोन तास बोललो. मराठीत काय करायचं? 'शहीद' आपल्याकडे हिंदीतून आला आणि गणवेश घालून आला. 'हुतात्मा' म्हणजे चौकातला पुतळा, स्वतःहून आहुती दिलेला. झोपेत मारलं गेलेलं मूल हुतात्मा कसं? त्याने काही होमलं नाही. 'बळी' म्हटलं तर दयेचा सूर लागतो आणि मान जाते. सर म्हणाले, "'गेलेले' म्हणता तुम्ही?" म्हणतो. 'आमचे गेलेले'. त्यात मारणारा लपतो, ही त्याची उणीव. पण खोटं काही नाही. ही कविता आमच्या पुस्तिकेत नाही, तरी हा शब्द दुसऱ्या एका ठिकाणी लागणार आहे, तिथे हेच ठेवेन.

पोलिसाने केलेला अनुवाद आणि मी करते तो अनुवाद, दोन्ही कामं एकच आहेत. त्या रात्री झोप लागली नाही.

१ मार्च

लोटस नियतकालिकाचं टिपण तयार करत होते. आफ्रिकी-आशियाई लेखकांची संघटना १९५८ च्या ताश्कंद परिषदेतून उभी राहिली. १९६८ पासून कैरोहून तिचं नियतकालिक निघालं, अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत. संपादक युसूफ अल-सिबाई यांची १९७८ मध्ये निकोसियात हत्या झाली. मग ते बैरुतला गेलं, आणि तिथे संपादक झाला फैज. १९८२ मध्ये इस्रायली फौजा बैरुतवर आल्या तेव्हा तोही तिथून निघाला. दरवीशला या संघटनेचं पारितोषिक १९६९ मध्ये मिळालं होतं, फैजला त्यानंतर. म्हणजे माझ्या पुस्तिकेतले दोघे एका मांडवाखालचे.

टिपण इथपर्यंत छान भरून आलं होतं. मग मांडवाचा खर्च कोणी केला ते लिहायची वेळ आली: इजिप्त, सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी. आणि माझ्याच यादीत पुढची कविता होती रशियन कवयित्री आना आखमातोवाची 'रेक्विएम'.

लेनिनग्राडमध्ये मुलगा अटकेत असताना ती सतरा महिने तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभी राहिली. कविता कागदावर ठेवायची सोय नव्हती. ती चिठोऱ्यावर ओळी लिही, आलेली मैत्रीण वाचून पाठ करी, मग काडी लावून राखदाणीत. वर्षानुवर्षं ही कविता काही बायकांच्या डोक्यात छापलेली होती. पुस्तक निघालं १९६३ मध्ये म्युनिकला, तिला न विचारता. तिच्या देशात छापली गेली १९८७ मध्ये. आशिया-आफ्रिकेच्या कवींना तीन भाषांत छापायला पैसे देणारं सरकार आपल्या बाईची कविता वीस वर्षांहून अधिक काळ दाबून बसलं होतं. हिकमतलाही हे कळत होतं. त्याने मॉस्कोत राहून नोकरशाहीची टर उडवणारं नाटक लिहिलं, ते थोड्या प्रयोगांतच बंद पडलं.

याचं काय करायचं, याचं सोपं उत्तर मला मिळालेलं नाही. लोटस खोटं होतं असं मी म्हणणार नाही. त्यातल्या कविता खऱ्या, मैत्री खऱ्या. टिपणात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये 'परंतु' घातला नाही.

'रेक्विएम'ची फक्त गद्य प्रस्तावना घेतेय, अर्ध्या पानाची. रांगेत मागे उभी असलेली, थंडीने ओठ निळे पडलेली बाई तिच्या कानात कुजबुजते, "याचं वर्णन करता येईल तुम्हाला?" ती म्हणते, "येईल." रशियन जाणणाऱ्या गृहस्थांना 'करू शकते' हवं होतं. मला 'येईल'. येईल मध्ये 'मी' नाही, फुशारकी नाही, आणि वेळ लागेल हेही आहे. ते कबूल झाले.

९ मार्च

सर्दी. फार काम नाही. प्रस्तावनेसाठी एवढंच टिपलं: जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांचं उत्तर त्याच महिन्याच्या अखेरीचं. आणि १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. सीमा ओलांडणं म्हणजे काय ते मराठीला कोणी बाहेरून शिकवायला नको.

उलट दिशेचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. मराठी दलित कवितेत 'आम्ही' येतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्याची जागा दाखवलेली असते; तू यात नाहीस. इंग्रजीत तो 'वुई' होतो आणि परका वाचक बिनदिक्कत आत शिरून बसतो. चांगला अनुवादकही हे थांबवू शकत नाही. इतकी वर्षं मराठीतून इंग्रजीत गेलेलं वाचताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उलटं काम करायला बसले तेव्हा आलं.

१७ मार्च

रिफात अल-अरीर. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायचा. डिसेंबर २०२३ मध्ये हवाई हल्ल्यात मारला गेला. त्याची २०११ मध्ये लिहिलेली छोटी इंग्रजी कविता त्याने मरणाच्या महिनाभर आधी पुन्हा वर आणून ठेवली होती. तो गेल्यावर ती कितीतरी भाषांत गेली. अनुवाद करणारे बहुतेक माझ्यासारखेच, कोणी न सांगता बसलेले. इथे सेतूची गरज नाही, इंग्रजीच मूळ.

पहिल्या दोन ओळींत 'मस्ट' दोनदा येतो. मी मरणं आणि तू जगणं, दोन्हींना एकच शब्द. मराठीत एक शब्द पुरत नाही. पहिला 'मस्ट' म्हणजे न टळणारं: मरावं लागणं. दुसरा म्हणजे सोपवलेलं: जगायला हवं. 'मरावंच लागलं मला, तर तू जगायला हवंस.' कवीने एका शब्दात बांधलेली गाठ मी सोडून ठेवली, हे नुकसान. 'तू जगलंच पाहिजेस' केलं तर हुकूम होतो. मी मेलो तर एक पतंग बनव, असं कवितेत सांगणारा माणूस हुकूम कसा देईल?

'तू' बद्दल मात्र एक क्षणही विचार करावा लागला नाही.

२६ मार्च

कच्चं वाचन. खोलीत चौदा माणसं. मी फैज वाचला आणि तिसऱ्या कडव्यात माझ्या तोंडून 'आम्ही'च्या जागी 'आपण' गेलं. कागदावर स्वच्छ 'आम्ही' छापलेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट नंतर एक जण म्हणाले की तिथे अंगावर काटा आला.

अर्थात आला. मलाही आला होता २१ जानेवारीला.

हिकमतच्या शेवटी कोणी काही बोललं नाही. एका बाईंनी थोड्या वेळाने विचारलं, "सही कशावर करायची?"

३ एप्रिल

मुद्रितं आली. परवानग्या सगळ्या हाती आहेत, दरवीशचीही. एकूण काम स्वच्छ. पण दरवीशच्या कवितेत मुद्रितशोधकांनी लाल शाईने प्रत्येक 'लिहून घे' चं 'लिहून घ्या' केलंय. प्रत्येक. मला संताप आला. तीन महिन्यांची झटापट आणि हे गृहस्थ अधिकाऱ्याला मान देऊन मोकळे. फोन लावला. बोलून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी एकसारखं केलं. तुम्ही पान १९ वर 'रागावलात?' लिहिलंय. एका ठिकाणी अहो आणि बाकी ठिकाणी अरे, ते कसं चालेल? कुठलं ठेवू सांगा."

पान काढून बघितलं. आहे. कडव्याच्या शेवटी येणारा प्रश्न, माझ्याच हस्ताक्षरातल्या पहिल्या खर्ड्यातही तसाच आहे, ११ जानेवारीपासून. सर्वांनी वाचलं, सरांनी ऐकलं, मी चौदा माणसांसमोर मोठ्याने म्हटलं. लिहून घे, लिहून घे, लिहून घे, आणि मग त्याच्या कपाळावर आठी दिसल्याबरोबर: रागावलात?

"त्यांचं नाही, माझं चुकलंय," मी म्हटलं, आणि कोणाबद्दल 'त्यांचं' म्हटलं ते मलाच कळलं नाही.

लाल दुरुस्त्या रद्द. पान १९, ओळ सहा: 'रागावलास?' फाइल संध्याकाळी परत पाठवली.